रक्त चालू असताना थंडी वाजली, तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

निशिगंध
नमस्कार मंडळी. तीस खाटांच्या रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या जीएनएम (नर्सिंगची पदविका घेतलेल्या) मुलींसाठी नर्सिंग स्टेशनवर लावायचं एक पान तयार करते आहे. विषय आहे रक्त देताना येणाऱ्या रिॲक्शन्स. पुस्तकातला तक्ता उतरवून काम भागणार नाही, म्हणून इथे विचारते.

बऱ्याच वॉर्डांत पडलेली रीत अशी: रुग्ण कुडकुडायला लागला की ठिबक हळू करायचं, ब्लँकेट घालायचं, एव्हिल (फेनिरामिन, ॲलर्जीवरचं इंजेक्शन) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) द्यायचं आणि अर्ध्या तासाने तीच बॅग पुन्हा पहिल्या वेगाने सोडायची. मला ही रीत धोकादायक वाटते. लक्षण कोणतंही असो, आधी क्लॅम्प पूर्ण बंद, विचार नंतर, असं माझं मत आहे. साधा ताप आणि चुकीच्या गटाचं रक्त यांतला फरक पहिल्या मिनिटाला कुणालाच ओळखता येत नाही. दोन्हींत थंडी वाजते, दोन्हींत ताप चढतो.

तर प्रश्न असे. तीच बॅग पुन्हा कधी चालू करता येते? रक्तपेढीला नेमकं काय पाठवायचं? आणि रात्री डॉक्टर येईपर्यंत सिस्टरने स्वतःच्या अधिकारात काय करावं? माझं मूळ मत चुकत असेल तर तेही सांगा.

तिसरी_पाळी
ताई, मत बरोबर आहे. त्यात एक भर घालते, कारण चूक नेमकी क्लॅम्प बंद केल्यानंतर होते.

क्लॅम्प बंद केला की अनेक जणी त्याच बीटी सेटला (रक्त देण्याच्या नळीला) सलाईनची बाटली जोडतात आणि 'लाइन धुऊन घेतात'. सेटच्या चेंबरमध्ये आणि नळीत मिळून दहा-पंधरा मिली रक्त असतं. ते सगळं रुग्णाच्या अंगात जातं. गट चुकलेला असेल तर पाच-दहा मिलीसुद्धा जीवघेणी रिॲक्शन सुरू करायला पुरतात. म्हणून सेट व्हेनफ्लॉनच्या (शिरेत बसवलेल्या सुई-नळीच्या) तोंडापासूनच काढायचा, नवा सेट लावायचा आणि नॉर्मल सलाईन अगदी हळू सोडायचं, शीर उघडी राहण्यापुरतं. व्हेनफ्लॉन काढायचा नाही. पुढच्या दहा मिनिटांत बीपी कोसळलं तर दुसरी शीर सापडत नाही.

मग ताप, नाडी, बीपी, श्वसनाचा दर, ऑक्सिजनचं प्रमाण. ही पाच मापं घेत असताना दुसरीने डॉक्टरांना फोन करायचा. लगेच मनगटाचा पट्टा, केसपेपर, बॅगचं लेबल आणि क्रॉसमॅचचा (रुग्णाचं आणि बॅगचं रक्त जुळतं का त्या तपासणीचा) कागद चारही शेजारी धरून नाव, आयपीडी नंबर, बॅग नंबर, गट पुन्हा वाचायचा. मोठ्याने. किती वाजता थांबवलं आणि तोवर किती मिली गेलं हे तिथल्या तिथे लिहायचं.

रक्तपेढी_तंत्रज्ञ
काय पाठवायचं ते सांगतो. उरलेली बॅग, सेट तिला जोडलेलाच, क्लॅम्प घट्ट बंद, सेटच्या टोकाला टोपी, सुई काढून टाकलेली. हे स्वच्छ प्लास्टिक पिशवीत घालून. रिकामी बॅग असली तरी पाठवा. ज्या हातात रक्त चालू होतं त्याच्या विरुद्ध हातातून नवा नमुना, एक ईडीटीए (रक्त गोठू न देणारा) आणि एक साधा बल्ब, म्हणजे नमुन्याची नळी. रिॲक्शननंतरची पहिली लघवी. आणि भरलेला रिॲक्शन फॉर्म.

नमुना काढताना बारीक सुई आणि जोरात ओढलेली सिरिंज टाळा. पेशी यांत्रिकरीत्या फुटल्या की प्लाझ्मा लालसर दिसतो आणि आम्हाला वाटतं रुग्णाच्या शरीरात पेशी फुटताहेत. आम्ही सर्वांत आधी तेवढंच पाहतो: कागदपत्रं जुळतात का, आणि रिॲक्शनच्या आधीचा आणि नंतरचा नमुना फिरवून प्लाझ्माचा रंग. मग डायरेक्ट कूम्ब्ज (लाल पेशींवर प्रतिपिंड चिकटलेत का ते पाहणारी तपासणी), गट पुन्हा, क्रॉसमॅच पुन्हा. पहिलं उत्तर बहुतेकदा तासाभरात फोनवर देता येतं.

मूळ नमुना आणि बॅगच्या नळीचा तुकडा आमच्या फ्रिजमध्ये सात दिवस असतो, त्यामुळे तुलना करता येते. मात्र वापरलेली बॅग पिवळ्या पिशवीत गेली तर जंतूंचा कल्चर करायला काहीच हाती उरत नाही. मावशींना आणि मामांना ही गोष्ट सांगून ठेवा: रिॲक्शन आलेली बॅग कचरा नाही.

पांढरा_एप्रन
मी थोडा वेगळा सूर लावतो. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला, ३८ च्या वर गेला, बाकी काहीच नाही, तर पॅरासिटामॉल देऊन हळू वेगाने तीच बॅग चालू ठेवता येते, असं ब्रिटिश मार्गदर्शनात आहे. ग्रामीण भागात एक बॅग साठ-सत्तर किलोमीटरवरून येते. प्रत्येक वेळी थांबवून परत पाठवायची तर ज्याचं हिमोग्लोबिन चार आहे त्याचं काय? रक्त न मिळण्याचाही धोका असतो.

तिसरी_पाळी
सर, बंद करणं म्हणजे फेकणं नाही. क्लॅम्प दहा मिनिटं बंद राहिल्याने बॅग वाया जात नाही. चार तासांची मर्यादा आहे, त्यात दहा मिनिटं बसतात. तुम्ही म्हणता ते मार्गदर्शनसुद्धा आधी रुग्णाची ओळख आणि बॅग पुन्हा तपासायला सांगतं. तपासायचं तर थांबवावंच लागतं.

पांढरा_एप्रन
सिस्टर, हे मान्य. थांबवण्याबद्दल वाद नाही, पुन्हा चालू करण्याबद्दल आहे. तर माझी सीमारेषा लिहितो.

ताप ३८ ते ३९ दरम्यान, वाढ एक ते दोन अंश, बीपी-नाडी-श्वास जागच्या जागी, कंबर-छातीत दुखत नाही, कागद जुळतात: डॉक्टरने रुग्ण पाहिल्यावर, त्याच्या लेखी आदेशाने हळू चालू करता येते. ताप ३९ च्या वर, किंवा वाढ दोन अंशांहून जास्त, किंवा हुडहुडी भरून दात वाजताहेत, किंवा बीपी उतरतंय: बॅग संपली असं समजा. रक्तपेढीत पाठवा, रुग्णाचा ब्लड कल्चर घ्या, अँटिबायोटिक लगेच. जंतू वाढलेल्या बॅगचा झटका असाच येतो. प्लेटलेट्स २०-२४ अंशांवर ठेवतात, म्हणून तिथे ही शक्यता जास्त. लाल पेशींच्या बॅगमध्ये थंडीतही वाढणारे जंतू असतात, यर्सिनिया त्यातला कुप्रसिद्ध. चार अंशांवर ठेवलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

ताप मोजताना रक्त चालू करण्याआधीचा आकडा हवा. तो नसेल तर 'वाढ' कशावरून ठरवणार? आधीच १०१ फॅरनहाइट ताप असलेल्या रुग्णाला रक्त लावलं की पुढचं सगळं गढूळ होतं. तातडी नसेल तर आधी ताप उतरवा.

शिकाऊ_नर्स
मॅम, अंगावर फक्त गांधी उठल्या, खाज आहे, पण ताप नाही, तर? आम्हाला शिकवलं की ही एकच रिॲक्शन अशी आहे की बॅग पुन्हा लावता येते.

निशिगंध
बरोबर शिकवलंय. तरी आधी बंदच. घसा, ओठ, जीभ सुजली आहे का, आवाज बसलाय का, छातीत शिट्टी वाजते का, बीपी कसं आहे हे पाहायचं. यातलं काही नसेल तर फेनिरामिन द्यायचं. दोन मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये ४५.५ मिग्रॅ असतं. गांधी अर्ध्या तासात बसल्या तर डॉक्टरांच्या आदेशाने हळू चालू. पसरत गेल्या तर नाही.

कृष्णाकाठ
आणि घसा सुजला, श्वास अडकला, बीपी पडलं तर एव्हिलची वाट पाहायची नाही. ॲड्रेनालिन. प्रौढाला ०.५ मिग्रॅ, म्हणजे १:१००० च्या ॲम्प्यूलमधलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. पाच मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. मुलांना किलोमागे ०.०१ मिग्रॅ. एव्हिल आणि स्टिरॉइड नंतर. या क्रमात अनेकदा उलटं होतं, कारण एव्हिल हाताशी असतं आणि ॲड्रेनालिन कपाटात.

रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. बॅग थांबवणं, सेट बदलणं, सलाईन, ऑक्सिजन, मापं, नमुने, फोन यातल्या कशालाच परवानगी लागत नाही. ॲड्रेनालिनसाठी रुग्णालयाचा सहीचा स्थायी आदेश करून घ्या आणि फाइलमध्ये नको, ट्रेवर चिकटवा.

विदर्भाची_लेक
'आधीच एव्हिल-डेक्सा (ॲलर्जीचं औषध आणि स्टिरॉइड) देऊन मग रक्त लावा' या सवयीवर कुणी बोललं नाही अजून. पूर्वी रिॲक्शन न आलेल्या रुग्णाला सरसकट आधी इंजेक्शन देऊन रिॲक्शन टळतात याला आधार नाही. उलट लवकर दिसणारी खूण झाकली जाते. साध्या तापाच्या रिॲक्शनचं मूळ बॅगमधल्या पांढऱ्या पेशी आणि साठवणीत त्यांतून सुटलेली रसायनं. त्यावर खरा उपाय ल्युकोरिडक्शन, म्हणजे पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं रक्त, तेही साठवण्याआधी गाळलेलं. खाटेजवळ फिल्टर लावला तर पेशी अडतात, पण रसायनं आधीच उतरलेली असतात.

रक्तपेढी_तंत्रज्ञ
+१. खाटेजवळच्या फिल्टरबद्दल आणखी एक. एनालाप्रिल, रामिप्रिल अशा बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांचं बीपी फिल्टरमधून रक्त सुरू होताच काही मिनिटांत धाडकन पडू शकतं. ताप नाही, गांधी नाही, फक्त बीपी. थांबवलं की बहुतेकदा लवकर सावरतं. त्यांना पुन्हा खाटेजवळचा फिल्टर लावू नका, साठवण्याआधी गाळलेली बॅग मागवा.

सह्यवारा
आमच्याकडे प्रत्येक बॅगनंतर लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) देतात. 'टाको', म्हणजे रक्ताचा भार जास्त होऊन फुफ्फुसात पाणी भरणं, होऊ नये म्हणून. ते तरी बरोबर ना?

पांढरा_एप्रन
सरसकट नाही. कुणाला होतो ते पाहा: साठी ओलांडलेले, हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर, वजन कमी, आणि जुना ॲनिमिया असलेले. महिनोन्महिने हिमोग्लोबिन चारवर राहिलेल्या बाईचं एकूण रक्ताचं आकारमान सामान्यच असतं, फक्त ते पातळ असतं. तिला एका दुपारी दोन बॅगा दिल्या की फुफ्फुसात पाणी भरतं. तिला एका वेळी एकच बॅग, तासाला किलोमागे एक मिली या वेगाने. अशा वेगाने पूर्ण बॅग चार तासांत बसत नसेल तर रक्तपेढीकडून बॅग दोन भागांत करून मागवा. अशांना लॅसिक्स द्यायला हरकत नाही. अपघातात रक्त वाहिलेल्या तरुणाला द्यायचं कारण नाही.

आणि लॅसिक्स बॅगमध्ये टोचू नये. कोणतंच औषध बॅगमध्ये किंवा त्या लाइनमध्ये जाता कामा नये. रक्तासोबत फक्त नॉर्मल सलाईन. आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईनमध्ये कॅल्शियम असतं, ते बॅगमधल्या रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटवर मात करतं आणि गुठळ्या होतात. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये पेशी फुगून फुटतात.

सह्यवारा
धन्यवाद सर. मग टाको आणि ट्राली (रक्तामुळे फुफ्फुसाला होणारी इजा) खाटेजवळ कसे ओळखायचे? दोन्हींत धाप लागते, दोन्हींत एक्स-रे पांढरा.

कृष्णाकाठ
बीपीकडे पाहा. टाकोत साधारणपणे चढतं, मानेच्या शिरा फुगतात, उठून बसलं की बरं वाटतं, लॅसिक्सने लघवी झाली की धाप उतरते. ट्रालीत बीपी बरेचदा उतरतं, ताप असू शकतो, मानेच्या शिरा सपाट आणि लॅसिक्सने फायदा नाही, उलट बीपी आणखी पडतं. ट्राली सहा तासांच्या आत दिसतो, टाको बारा तासांपर्यंत. म्हणजे बॅग संपली आणि ड्युटी बदलली तरी लक्ष संपत नाही. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवताना, 'चार नंबरला रक्त झालं' एवढं पुरेसं नाही. किती वाजता संपलं, शेवटचं बीपी आणि ऑक्सिजन किती, हे सांगायला हवं.

दोन्हींत ताबडतोबीचं काम सारखंच: बंद, टेकून बसवणं (बीपी पडलं असेल तर आडवं), ऑक्सिजन, फोन. लॅसिक्सचा निर्णय डॉक्टरचा.

रक्तपेढी_तंत्रज्ञ
ट्रालीचा संशय आला तर आम्हाला त्याच रात्री कळवा. कारण बहुतेकदा दात्याच्या प्लाझ्मातले प्रतिपिंड असतात, अनेक बाळंतपणं झालेल्या स्त्रियांत ते जास्त आढळतात. त्याच दात्याचं एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा) किंवा प्लेटलेट्स दुसऱ्या रुग्णालयात निघाले असतील. फोन आला तर ते थांबवता येतात. जंतूंच्या बाबतीतही तेच.

बालवॉर्ड
थॅलेसेमियाच्या मुलांसाठी लिहिते. ती दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घेतात, त्यामुळे आई-बापच अर्धे जाणकार असतात. आई म्हणाली 'आज हा रोजच्यासारखा नाही' तर ते लक्षण म्हणून नोंदवा. लहान बाळ कंबर दुखते म्हणून सांगणार नाही. अचानक किरकिर, अंग फिकट पडणं, दूध नको म्हणणं, नाडी वाढणं हेच दिसतं. प्रमाण किलोमागे १० ते १५ मिली, तीन ते चार तासांत. पंप असेल तर तो रक्तासाठी मान्य असलेलाच हवा, नाहीतर पेशी चिरडतात.

विदर्भाची_लेक
सिकलसेलसाठीही वेगळी ओळ हवी. गडचिरोली, चंद्रपूर, तिकडे नंदुरबार, या पट्ट्यात हे रुग्ण रोजचे. वारंवार रक्त घेतल्याने त्यांच्यात इतर गटांविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात. आरएचचे सी-ई आणि केल हे गटही जुळवून रक्त मिळालं तर ते कमी होतं. रक्त दिल्यावर आठवड्याभरात लघवी कोकाकोलासारखी आणि हिमोग्लोबिन रक्त देण्याआधीच्यापेक्षा खाली गेलं, तर हायपरहिमोलिसिसचा (दिलेल्या रक्तासोबत स्वतःच्याही पेशी फुटण्याचा) विचार करा. अशा वेळी 'अजून एक बॅग' आजार वाढवते. थेट मोठ्या केंद्राशी बोला.

शिकाऊ_नर्स
पण तातडीत काहीच माहीत नसेल तर ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं ना?

रक्तपेढी_तंत्रज्ञ
लाल पेशी बहुतेकांना चालतात, सगळ्यांना नाही. अपवाद आपल्या घरचाच आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला बॉम्बे गट. या व्यक्तींच्या पेशींवर एच हा पायाच नसतो, म्हणून ए आणि बीही नसतात. साध्या पेशी-तपासणीत त्या ओ दिसतात. पण त्यांच्या सीरममध्ये एचविरुद्ध जोरदार प्रतिपिंड असतात आणि ओ पेशींवर एच सर्वांत जास्त. ओ रक्त दिलं की पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. त्यांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

पकडलं कसं जातं? सीरमची उलट तपासणी ओ पेशींसोबत केली की गुठळी दिसते, आणि क्रॉसमॅच कुठल्याच ओ बॅगशी जुळत नाही. म्हणून फक्त स्लाइडवर गट पाहून भागत नाही. क्रॉसमॅच न करता रक्त द्यावंच लागलं तर त्याआधी नमुना काढून ठेवा आणि पहिले काही मिली डोळ्यांत तेल घालून पाहा.

निशिगंध
धागा वॉर्डावरून मुंबईला पोचला :) माहिती मोलाची आहे, पानावर एक ओळ घालतेच. आता परत वॉर्डात येऊ या. वेगाबद्दल सांगा.

तिसरी_पाळी
बहुतेक बीटी सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली, पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचा. पहिली पंधरा मिनिटं मिनिटाला २० थेंब. म्हणजे तेवढ्यात पंधराच मिली जातात. ती पंधरा मिनिटं खाटेपासून हलायचं नाही. पुढची नळी तयार करायला नाही, औषधं वाटायला नाही. मग सगळं ठीक असेल तर ४५-५० थेंब, म्हणजे २८० मिलीची बॅग साधारण सव्वादोन तासांत संपते. मापं: आधी, पंधराव्या मिनिटाला, मग दर अर्ध्या तासाने, संपल्यावर, आणि पुन्हा चार तासांनी.

रुग्णाला सुरुवातीलाच सांगा: थंडी, खाज, कंबरेत कळ, छातीत दडपण, सुईच्या जागी आग, काहीही वाटलं तर हाक मारा. 'सिस्टर, मला कसंतरी होतंय' हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. गट चुकलेल्या रक्ताचं ते पहिलं लक्षण असू शकतं, कोणताही आकडा हलायच्या आधीचं.

ओटी_मधून
आणि जो बोलू शकत नाही त्याचं? भूल दिलेल्या रुग्णात थंडी, वेदना काहीच कळत नाही. तीनच खुणा. पहिल्या दोन: कारण नसताना बीपी उतरणं आणि जखमेतून, सुईच्या जागांतून झिरपत राहणारं रक्त. तिसरी कॅथेटरच्या पिशवीत, लाल किंवा गडद लघवी. म्हणून रक्त चालू असताना लघवीची पिशवी चादरीखाली जाऊ देऊ नका.

पांढरा_एप्रन
गट चुकल्याचा संशय असेल तर लक्ष्य मूत्रपिंड वाचवणं. सलाईन जोरात, किलोमागे २०-३० मिलीपर्यंत, अर्थात हृदय पाहून. लघवी तासाला किलोमागे एक मिली तरी राहिली पाहिजे. पोटॅशियम, क्रिएटिनिन, पीटी-आयएनआर, प्लेटलेट्स लगेच, कारण डीआयसी (रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडणं) होऊ शकतो. वेळेत आयसीयू गाठा. आणि एक विसरलं जातं: या रुग्णासाठी आलेली बॅग दुसऱ्या कुणाला लागलीय का? दोन बॅगांची अदलाबदल झाली असेल तर शेजारच्या खाटेवर त्याच क्षणी दुसरी चूक चालू असते. आधी तिकडे पळा.

कोकणातून
थंडगार रक्ताने थंडी वाजते म्हणून बॅग गरम पाण्यात ठेवतात. यावर कृपया लिहा.

रक्तपेढी_तंत्रज्ञ
कधीच नाही. गरम पाणी, ऊन, रेडिएटर, मायक्रोवेव्ह, काखेत धरणं, सगळं बंद. वॉर्मर लागतो तो मोठ्या प्रमाणात, वेगाने रक्त देताना किंवा रुग्णात थंडीत जागी होणारे प्रतिपिंड असताना, आणि तो लाइनवरच बसवतात. साध्या वेगात एक बॅग खोलीच्या तापमानालाच ठीक.

वॉर्डाच्या फ्रिजमध्येही ठेवू नका. औषधांचा फ्रिज दार उघडताच तापतो आणि मागच्या भिंतीला गोठवतो. गोठलेल्या पेशी वितळताना फुटतात. आइसबॉक्समधून आणतानाही बर्फ बॅगला थेट टेकायला नको. आमच्याकडून निघाल्यापासून तीस मिनिटांत चालू करणार नसाल तर लगेच परत करा. प्लेटलेट्स तर फ्रिजमध्ये मुळीच नाहीत.

परदेशी_पाखरू
इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. इथे १९९६ पासून शॉट नावाची यंत्रणा देशभरच्या चुका आणि रिॲक्शन्स गोळा करते. तिच्या अहवालांतून वर्षानुवर्षं हेच दिसतं की गट चुकण्याचं मूळ बहुतेकदा माणसाच्या हातून झालेली ओळखीची चूक असते, प्रयोगशाळेचं यंत्र नाही. म्हणून नव्या रुग्णाच्या गटासाठी वेगवेगळ्या वेळी घेतलेले दोन नमुने मागतात. एका बल्बमध्ये दुसऱ्याचं रक्त गेलं असेल तर दोन्ही गट जुळत नाहीत. फ्रान्समध्ये तर लाल पेशी देण्याआधी खाटेजवळ कार्डावर रुग्णाचा आणि बॅगचा गट पुन्हा पाहणं बंधनकारक आहे.

तिसरी_पाळी
दोन नमुन्यांची पद्धत इथेही सुरू करता येईल, खर्च एका बल्बचा. तोवर निदान हे करा: रुग्णाला 'तुम्ही सुनील ना?' असं विचारू नका. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असं विचारा. आणि बल्बवर लेबल खाटेजवळच, रक्त काढल्यावर, एका रुग्णाचं एका वेळी. आधी लेबल लावून ट्रेमध्ये ठेवलेले चार बल्ब, अपघात तिथून सुरू होतो.

सह्यवारा
नातेवाईक म्हणतात, 'बाहेरचं नको, मुलाचंच रक्त बापाला द्या, रिॲक्शन येणार नाही.' काय सांगायचं?

विदर्भाची_लेक
सांगायचं की उलट आहे. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तिथे तग धरतात आणि शरीरावरच हल्ला करतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुरळ, जुलाब, कावीळ आणि तिन्ही पेशी खाली. याला टीए-जीव्हीएचडी म्हणतात, तो बहुतेकांना वाचू देत नाही. फिल्टरने तो टळत नाही, फक्त २५ ग्रेचं किरणोत्सारण केलेल्या रक्ताने टळतो. मुलाने रक्तदान जरूर करावं, ते दुसऱ्या कुणाला जाऊ द्यावं.

कृष्णाकाठ
डिस्चार्जच्या कागदावर दोन ओळी हव्यात. पाच ते दहा दिवसांत डोळे पिवळे, लघवी गडद, थकवा पुन्हा, तर परत या. जुन्या बाळंतपणात किंवा जुन्या रक्तामुळे तयार झालेले प्रतिपिंड, विशेषतः किड गटाचे, इतके विरतात की क्रॉसमॅचला दिसत नाहीत, आणि नवं रक्त मिळताच पुन्हा उसळतात. म्हणूनच तीन महिन्यांत रक्त घेतलं असेल किंवा गरोदरपण असेल तर क्रॉसमॅचचा नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही.

कोकणातून
एक अडचण मोकळेपणाने मांडते. फॉर्म भरला की चौकशी सिस्टरचीच होते, म्हणून रिॲक्शन 'थंडी वाजली, इंजेक्शन दिलं' एवढ्यावर मिटवतात.

रक्तपेढी_तंत्रज्ञ
खरं आहे, आणि हे बदलायला हवं. भारतात हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ पासून चालू आहे, नोएडाची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्स तो पाहते. त्याचा हेतू शिक्षा हा नाही. रुग्णालयाच्या ट्रान्सफ्यूजन कमिटीत मेट्रन किंवा इन्चार्ज सिस्टर हवीच. शून्य रिॲक्शन नोंदवणारा वॉर्ड सुरक्षित नसतो, तिथे पाहिलं जात नसतं. फॉर्म नीट भरणाऱ्या सिस्टरचं नाव आम्ही आदराने घेतो.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. पानाचा मजकूर असा करते आहे, चुकलं तर सांगा:

'रक्त चालू असताना काहीही वेगळं वाटलं तर क्लॅम्प पूर्ण बंद. सेट काढा, व्हेनफ्लॉन ठेवा. नवा सेट, नॉर्मल सलाईन. पाच मापं. डॉक्टरांना फोन. नाव, नंबर, गट मोठ्याने पुन्हा वाचा. जुळत नसेल तर शेजारच्या खाटेचं रक्तही थांबवा. श्वास अडकला किंवा घसा सुजला: ॲड्रेनालिन अर्धा मिली मांडीत, आदेश ट्रेवर आहे. बॅग, सेट, दोन बल्ब, पहिली लघवी, फॉर्म रक्तपेढीला. तीच बॅग पुन्हा: फक्त डॉक्टरांच्या लेखी आदेशाने, फक्त साध्या गांधी किंवा साधा ताप असेल तर, आणि चार तासांच्या आत संपणार असेल तरच.'

पांढरा_एप्रन
उत्तम. 'साधा ताप' याच्या पुढे आकडा लिहा: ३९ च्या आत, वाढ दोन अंशांपेक्षा कमी, हुडहुडी नाही. नाहीतर प्रत्येक जण आपापला अर्थ लावेल.

बालवॉर्ड
आणि 'अर्धा मिली'च्या पुढे 'प्रौढ' लिहा. मुलांसाठी वजनाप्रमाणे मिलीचा छोटा तक्ता: १० किलोला ०.१, २० किलोला ०.२, ३० ला ०.३. रात्री तीन वाजता गुणाकार करायला लावू नका.

रक्तपेढी_तंत्रज्ञ
रक्तपेढीचा रात्रीचा फोन नंबर सर्वांत वर, मोठ्या अक्षरात. आणि पान लॅमिनेट करून ट्रेच्या आतही एक लावा.